श्रीरामपूरचे विद्यालय : वास्तू, भाषा आणि आपण

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त आयोजित व्याख्यानमालेत मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



हीरक महोत्सवात मुख्याध्यापिकेने संस्थेचा इतिहास सांगावा, असा प्रघात आहे. तो इतिहास या स्मरणिकेत इतरत्र अधिकारी लेखणींनी लिहिला आहे. मी आज आपल्याला नदीपलीकडे घेऊन जाणार आहे. हावड्याहून लोकल गाडीत बसले की तासाभराच्या आत जे लहानसे शहर येते, त्या श्रीरामपूरला. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातले श्रीरामपूर वेगळे आणि हे हुगळीकाठचे वेगळे. परंतु मराठी भाषेचे या श्रीरामपूरशी असलेले नाते अधिक जुने आहे. तिथल्या एका विद्यालयाची वास्तू दोनशे वर्षे नदीकडे तोंड करून उभी आहे. आपल्या शाळेच्या जुन्या इमारतीचे पुढे काय करावे, हा प्रश्न सध्या समितीपुढे आहे. म्हणूनच त्या वास्तूची कथा या वर्षी सांगण्याजोगी आहे, असे मला वाटते.

प्रथम गावाविषयी. १७५५ साली डेन्मार्कच्या व्यापाऱ्यांनी इथे वखार घातली. आपल्या राजाच्या नावावरून त्यांनी गावाला फ्रेडरिक्सनगर असे नाव दिले. गाव चिमुकले, एका अंगाला नदी, पलीकडच्या तीरावर बराकपूरची इंग्रजांची छावणी. इंग्रज कंपनीच्या मुलुखात त्या काळी मिशनऱ्यांना मज्जाव होता. त्यामुळे १७९९ साली जॉशुआ मार्शमन व विल्यम वॉर्ड इंग्लंडहून आले ते थेट या डॅनिश गावात उतरले, आणि १८००च्या जानेवारीत विल्यम केरी त्यांना येऊन मिळाले. त्यांचा मूळ हेतू धर्मप्रसाराचा होता, हे झाकून ठेवण्याचे कारण नाही. पण त्या हेतूच्या मागोमाग तीन गोष्टी आल्या : शाळा, छापखाना आणि देशी भाषांचा अभ्यास. त्यांचा लाभ धर्माच्या सीमा ओलांडून सर्वांना झाला.

येथे एक क्रम ध्यानात घ्यावा. आधी शाळा भरली, इमारत पुष्कळ नंतर आली. १८०० सालीच जॉशुआ आणि हॅना मार्शमन या दांपत्याने राहत्या जागेत मुला-मुलींच्या निवासी शाळा सुरू केल्या. पुढे आसपासच्या खेड्यांत बंगाली शाळा निघाल्या. १८१८पर्यंत त्यांची संख्या शंभराहून अधिक झाली होती. मुलाला त्याच्या मातृभाषेतून शिकवावे, भूगोल-खगोलाचे ज्ञानही त्याच भाषेतून द्यावे, असा विचार मार्शमन यांनी १८१६ साली एका पुस्तिकेत पद्धतशीरपणे मांडला होता. मेकॉलेच्या प्रसिद्ध टिपणीच्या एकोणीस वर्षे आधीची ही गोष्ट आहे.

आता मराठीकडे वळू. कोलकात्यात राहणाऱ्या आपल्या मुलांना ‘बर्गी’ हा शब्द इथल्या अंगाईगीतांतूनच प्रथम कळतो, आणि मग ती घरी येऊन विचारतात, ‘आई, ते आपणच का?’ होय, ते आपणच. नागपूरकर रघुजी भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून आल्या, तेव्हा घाबरलेल्या शहराने १७४२ साली स्वतःभोवती खंदक खणायला घेतला. तो पुरा कधी झालाच नाही. १७९९ साली तो बुजवून त्यावरून सर्क्युलर रस्ता काढण्यात आला. बागबाजारातल्या एका गल्लीच्या नावात ‘मराठा डिच’ अजून शिल्लक आहे.

खंदकाचा आरंभ १७४२चा. त्यानंतर त्रेसष्ट वर्षांनी, १८०५ साली, त्याच शहराजवळच्या श्रीरामपुरात मराठी भाषेचे व्याकरण छापून निघाले. ज्यांना अडवायला खंदक खणला, त्यांची भाषा शिकण्यासाठी हे पुस्तक होते. कारण उघड आहे. वसईचा तह आणि १८०३चे युद्ध यांनंतर मराठी मुलुखाशी कंपनीच्या अधिकाऱ्यांचा नित्याचा संबंध येणार होता. त्यांना भाषा शिकवण्याचे काम कोलकात्याच्या फोर्ट विल्यम महाविद्यालयात चाले. तिथे केरी १८०१पासून बंगाली आणि संस्कृत व पुढे मराठीही शिकवीत. त्यांच्यामागे उभे होते एक मराठी पंडित, वैजनाथशास्त्री. केरींच्या मराठी पुस्तकांमागची खरी विद्या त्यांची. शिष्याचे नाव मुखपृष्ठावर आले आणि गुरूचे प्रस्तावनेत राहिले, हा अनुभव शिक्षकी पेशात नवा नाही!

१८०५चे व्याकरण देवनागरीत आहे. देवनागरी खिळ्यांनी छापलेल्या मराठीच्या अगदी पहिल्या पुस्तकांत त्याची गणना होते. त्या काळी मराठीचा रोजचा व्यवहार मात्र मोडीत चाले. मोडीचे खिळे कोरणे हे मोठेच आव्हान होते. अक्षरे एकमेकांत गुंतलेली, हात न उचलता लिहायची; ती सुटी करून धातूत उतरवायची होती. ते काम बंगाली कारागिरांनी केले. त्रिवेणीचे पंचानन कर्मकार यांनी बंगाली मुद्राक्षरांची परंपरा घडवली होती. त्यांचे जावई मनोहर यांनी ती श्रीरामपुरात पुढे चालवली. १८१० साली केरींचा मराठी-इंग्रजी कोश मोडी अक्षरांत निघाला. १८१४ साली ‘सिंहासनबत्तिशी’ आणि पुढल्या वर्षी ‘हितोपदेश’ मराठीत छापला गेला. रघुजी भोसल्यांची वंशावळीही तिथेच छापली. बंगालच्या राजा प्रतापादित्याचे चरित्रही तिथेच मराठीत आले. मराठी पंडिताची विद्या, बंगाली लोहाराचा हात, इंग्रज अध्यापकाची चिकाटी आणि डॅनिश राजाचा आश्रय अशा चौघांच्या आधाराने आपली मुद्रित भाषा हुगळीकाठी बाळसे धरत होती.

मध्ये एक आपत्ती आली. ११ मार्च १८१२ रोजी छापखान्याला आग लागली. कागद, खिळे आणि कित्येक भाषांची हस्तलिखिते जळून गेली. सुदैवाने अक्षरांचे मूळ ठसे ढिगाऱ्यातून हाती लागले. वितळलेले शिसे गोळा करून त्याचे पुन्हा खिळे ओतले गेले आणि थोड्याच आठवड्यांत छपाई सुरू झाली. मूळ ठसा शाबूत असला की जळलेले पुन्हा उभे करता येते, हे वाक्य आपण पुढच्या विवेचनासाठी जवळ ठेवू.

१५ जुलै १८१८ रोजी त्रयीने महाविद्यालयाची योजना जाहीर केली. पौर्वात्य वाङ्मय आणि पाश्चात्त्य विज्ञान ही दोन्ही तिथे शिकवली जावीत आणि ख्रिस्ती नसलेल्या मुलांनाही प्रवेश असावा, असे त्यांनी ठरवले. आरंभी विद्यार्थी होते ३७. आज एखाद्या वर्गात ३७ मुले असली, तर आपण पट कमी झाला म्हणून चिंता करतो. त्या माणसांनी मात्र ३७ मुलांसाठी पुढील कित्येक पिढ्यांना पुरेल अशी वास्तू आखली.

नकाशा मेजर विकेडी या डॅनिश अधिकाऱ्याने केला. मुख्य इमारत १३० फूट लांब आणि १२० फूट खोल. दर्शनी भागात नदीकडे तोंड करून सहा भव्य स्तंभांची देवडी आहे. एकेका स्तंभाचा तळाशी व्यास चार फुटांहून अधिक. तीन मुलांनी हात धरून कवळ घातली, तरच तो कवेत यावा. तळमजल्यावर कमानींवर तोललेले दालन आहे. ते ९५ फूट लांब, ६६ फूट रुंद आणि २० फूट उंच. हे ग्रंथालयासाठी योजले होते. पुढे वर्ग वाढले आणि तिथे मुले बसू लागली. त्यावर त्याच आकाराचे, परंतु २६ फूट उंचीचे दुसरे दालन वार्षिक परीक्षांसाठी बांधले. त्याला आयोनिक पद्धतीच्या स्तंभांच्या दोन रांगा आहेत. त्यांच्या माथ्यावर मेंढ्याच्या शिंगांसारखी वळणे असतात. दोन्ही मजल्यांवर मिळून बारा बाजूच्या खोल्या; त्यांतल्या आठ प्रत्येकी ३५ फूट बाय २७ फूट.

सर्वांत देखणा भाग जिन्याचा. केवळ जिन्यासाठी ९० फूट लांब, २७ फूट रुंद आणि ४७ फूट उंच असे दालन राखले आहे. त्यात ओतीव लोखंडाचे दोन जिने आहेत. ते इंग्लंडात बर्मिंगहॅमला ओतून गलबतांतून इथवर आणले. आवाराचे महाद्वारही तिथेच ओतले गेले. बंगालच्या दमट हवेत लाकडाला वाळवी किती लवकर गाठते, हे आपल्या शाळेच्या कपाटांवरून आपण सारे जाणतो. त्यामुळे लोखंडी जिना शोभेइतकाच शहाणपणाचाही होता.

एका शिक्षिकेच्या नजरेने पाहिले, तर या वास्तूचे खरे सौंदर्य तिच्या उंचीत आहे. पंख्यापूर्वीचा तो काळ. वीस आणि सव्वीस फुटांवर छत असले की तापलेली हवा वर जाते आणि मुलांच्या डोक्यावर गारवा राहतो. जाड भिंती दुपारचे ऊन बाहेर थोपवतात. देवडीच्या सावलीत आषाढातल्या धुवाधार पावसातही मुलांना उभे राहता येते. रूप ग्रीसचे, लोखंड इंग्लंडचे, नकाशा डॅनिश माणसाचा. पण वैशाख आणि आषाढ हे दोन महिने ध्यानात घेऊन जी इमारत बांधली जाते, ती त्या मातीचीच होते.

आता खर्चाविषयी. या वास्तूला त्या काळचे सुमारे १५,००० पौंड लागले. मोठी रक्कम बाहेरून येण्याची वाट न पाहता तिघांनी स्वतःच्या मिळकतीतून बांधकाम उभे केले. त्या वेळी इंग्लंडात त्यांच्याविषयी गैरसमज पसरले होते आणि देणगीदार हात आखडून होते. त्यांची मिळकत कोणती होती? छापखान्याची, मार्शमन दांपत्याच्या निवासी शाळांची आणि फोर्ट विल्यममधल्या केरींच्या पगाराची. पुढे हा पगार दरमहा हजार रुपये झाला. त्यातला बहुतेक भाग संस्थेच्या सामाईक पेटीत जाई. तो पगार बंगाली, संस्कृत आणि मराठी शिकवण्याचा होता. म्हणजे त्या भिंतींतल्या काही विटा मराठीच्या अध्यापनाने विकत घेतलेल्या आहेत, आणि काही विटा हॅना मार्शमन या मुख्याध्यापिकेच्या कष्टांच्या आहेत. माझ्या पदावरच्या कोणाही स्त्रीला याचा अभिमान वाटावा.

१८२७ साली डेन्मार्कचा राजा सहावा फ्रेडरिक याने सनद देऊन या विद्यालयाला पदव्या देण्याचा अधिकार दिला. विज्ञानासाठी जॉन मॅक हे अध्यापक आले. त्यांचे रसायनशास्त्राचे बंगाली पुस्तक १८३४ साली निघाले. देशी भाषांत विज्ञान सांगता येते का, या आजही विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाला ते एक जुने उत्तर आहे. त्याच वर्षीच्या जूनमध्ये केरी निवर्तले आणि तीन वर्षांनी मार्शमनही गेले. १८४५ साली डेन्मार्कने गाव इंग्रजांना विकले. पण करार करताना विद्यालयाच्या सनदेचे हक्क राखून ठेवले. १८५७ साली कोलकाता विद्यापीठाशी ते जोडले गेले. मग पडता काळ आला. १८८३ साली साहित्य-विज्ञानाचे वर्ग बंद झाले आणि केवळ धर्मशिक्षण उरले. ते वर्ग १९११ साली पुन्हा सुरू झाले आणि आजही चालू आहेत. मधल्या अठ्ठावीस वर्षांत वास्तू पाडली गेली नाही, म्हणून परत यायला जागा होती. दालने शाबूत होती, सनद जपलेली होती. माणसांनी येऊन दिवा लावायचा एवढेच उरले होते.

गावाच्या दृष्टीनेही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. डॅनिश काळातले सेंट ओलाव्ह चर्च पडायला आले होते. डेन्मार्क आणि भारत या दोन्ही देशांतील तज्ज्ञांनी, इथल्याच कारागिरांच्या हातून, ते सावरले. २०१६ साली त्या कामाला युनेस्कोचा वारसा पुरस्कार मिळाला. नदीकाठची १७८६ची डॅनिश खानावळ अशीच भग्नावस्थेत होती. दुरुस्तीनंतर २०१८ साली ती पुन्हा उघडली. जुने बांधकाम म्हणजे पाडण्याजोगे बांधकाम, असे समीकरण नाही, हे त्या गावाने दाखवून दिले.

महाराष्ट्राकडे पाहिले, तर दोन वास्तू आठवतात. पुण्यातल्या भिडे वाड्यात १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली. तिथे स्तंभ नव्हते, लोखंडी जिने नव्हते; घराच्या खोल्या होत्या. त्या खोल्यांनी महाराष्ट्राचे घर बदलले. पण वाडा जीर्ण होत गेला, वाद लांबत गेले आणि २०२३च्या डिसेंबरात तो उतरवावा लागला. त्या जागी स्मारक होणार आहे. स्मारक अवश्य व्हावे. मात्र ज्या उंबऱ्यावरून त्या मुली आत गेल्या, तो आता कोणालाही ओलांडता येणार नाही. दुसरी वास्तू साताऱ्याची. तिथल्या राजवाड्यात भरणाऱ्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर या विद्यार्थ्याचे नाव दाखल झाले. आज ती प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते. तिथली नोंदवही जपली गेली, म्हणून तो दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. राजवाड्याइतकीच मोलाची ठरली ती शाळेच्या कारकुनाने लिहिलेली एक ओळ.

आता आपल्या घराकडे येते. आपली इमारत श्रीरामपूरसारखी नाही, याची मला जाणीव आहे. आपल्याकडे सहा स्तंभ नाहीत. गळणारी गच्ची आहे, अरुंद जिना आहे आणि दरवर्षी पावसाळ्यात ओल धरणारी उत्तरेची भिंत आहे. ही इमारत उतरवून नवी बांधावी असे काहींना वाटते. जुनीच दुरुस्त करावी असे काहींना वाटते. मुलांची सुरक्षितता सर्वांत आधी, याविषयी दुमत असू शकत नाही. जी भिंत धोक्याची ठरेल ती उतरवलीच पाहिजे. तरीही निर्णयापूर्वी तीन गोष्टी व्हाव्यात, अशी मी समितीला या व्यासपीठावरून विनंती करते.

पहिली, इमारतीची रीतसर मोजणी करून नकाशे आणि छायाचित्रे तयार करावीत, आणि जुन्या बांधकामाचा अनुभव असलेल्या स्थापत्यतज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी. श्रीरामपूरच्या प्रत्येक दालनाची लांबी-रुंदी मी आज आपल्याला सांगू शकले, कारण कोणीतरी ती लिहून ठेवली होती. आपल्या सभागृहाची लांबी किती, हे आपल्यापैकी कोणी सांगू शकेल का?

दुसरी, साठ वर्षांच्या प्रवेश-नोंदवह्या लोखंडी कपाटातून काढून, वाळवी व ओल यांपासून जपून, त्यांच्या प्रती कराव्यात. कोणत्या ओळीत उद्याचा इतिहास आहे, हे नोंद करणाऱ्याला कधीच ठाऊक नसते. साताऱ्याच्या त्या कारकुनालाही नव्हते.

तिसरी विनंती सर्वांत अवघड आहे, आणि ती समितीइतकीच पालकांनाही आहे. या शाळेचा मूळ ठसा मराठी आहे. नवी इमारत बांधताना, पट वाढावा म्हणून माध्यमच बदलावे, असा विचार कानांवर येतो. त्यामागची काळजी मला समजते. बंगालमध्ये वाढणाऱ्या मुलाला बंगाली हवी, हिंदी हवी, इंग्रजी तर हवीच. या तिन्ही भाषा आपण अधिक चांगल्या शिकवल्या पाहिजेत. परंतु देवघरच्या शाळेत शिक्षक असलेले सखाराम गणेश देऊस्कर आठवा. घरात मराठी, लेखणीत बंगाली. १९०४ साली त्यांचे ‘देशेर कथा’ निघाले आणि पुढे इंग्रज सरकारने त्यावर बंदी घातली. शिवाजी महाराजांचे चरित्र बंगाली माणसाच्या मनात रुजवण्यात या मराठी शिक्षकाचा मोठा वाटा आहे. आपली भाषा पक्की होती, म्हणून दुसऱ्याच्या भाषेत ते देण्यासारखे काही घेऊन गेले. ज्या प्रांतात आपले नाव खंदकाशी जोडले गेले, तिथे ते शाळेशी आणि पुस्तकाशीही जोडले जावे, याचे श्रेय वैजनाथशास्त्रींसारख्या, देऊस्करांसारख्या माणसांना आहे. ती परंपरा आपल्या हाती आली आहे.

भिंती नव्या झाल्या तरी चालतील. खिळे जळाले तरी पुन्हा ओतता येतात. मूळ ठसाच वितळवला, तर मात्र पुन्हा ओतायचे काय, हा प्रश्न उरतो.

मुलांनो, तुमच्यासाठी एक काम. येत्या हिवाळ्यात आठवी आणि नववीच्या वर्गांनी श्रीरामपूरला जावे, अशी योजना आम्ही आखत आहोत. जाताना मोजपट्टी आणि वही बरोबर घ्या. परवानगी घेऊन एक स्तंभ मोजा, जिन्याचे चित्र काढा, आणि परत आल्यावर त्याच मोजपट्टीने आपली शाळा मोजा. वर्गखोल्या, जिना, सभागृह, मैदान यांची सारी मोजमापे मराठीत लिहा. ती वही शाळेच्या दप्तरात कायम ठेवली जाईल, आणि शाळेच्या अमृतमहोत्सवात तुमच्यापैकी कोणीतरी ती उघडून वाचून दाखवेल.

साठ वर्षे ज्यांनी ही शाळा चालवली, त्या सर्व ज्ञात-अज्ञात शिक्षकांना, शिपाईमामांना, देणगीदारांना आणि दूरच्या उपनगरांतून मुलांना इथवर घेऊन येणाऱ्या आईवडिलांना मी कृतज्ञतापूर्वक वंदन करते.